आधी सुकेल ती जागा

बॅटरीचा कनेक्टर सोडवा. चार्जर दूर ठेवा. लॅपटॉपचा उघडा बोर्ड समोर आहे. तक्रार एवढीच, की पिन लावली की चार्जरचाच दिवा विझतो. हत्याराला हात घालायची घाई नको. थोडा वेळ नुसतं बघा.

वास घ्या. कुठे जळकट वास, कुठे चहाचा वाळलेला ओघळ, पायांवर चढलेला हिरवट गंज. दिसेल ते मनात ठेवा, पण दोष इतक्यात कुणाला देऊ नका. काळा पडलेला पार्ट पुष्कळदा मार खाल्लेला असतो. मूळ बिघाड शेजारी, अगदी स्वच्छ चेहऱ्याने बसलेला असतो.

आता मीटर. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब प्रोसेसरच्या कॉइलवर. बीप. छातीत धस्स झालं? होऊ द्या. मग ओहमवर या आणि आकडा वाचा. धडधाकट प्रोसेसरचा रेझिस्टन्सही एखाद-दोन ओहम, कधी त्याहून कमी असतो. मीटर तिथेही ओरडतो. निव्वळ त्या आवाजावर चांगला बोर्ड भंगारात जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

लाल प्रोब १९ व्होल्टच्या लाइनवर न्या. ०.२ ओहम. हा मात्र खरा शॉर्ट. या लाइनीवर तिळाएवढे तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर ओळीने बसलेत, सगळे समांतर. एकाच्या पोटात चीर गेली, तरी कुठल्याही कपॅसिटरवर मीटर तेच सांगणार. मोजून तो सापडत नाही; लाइनीत बाहेरून करंट सोडून, तापतो कोण ते बघावं लागतं.

त्याआधी कॉइलच्या वरच्या बाजूचे मॉस्फेट तपासा. त्यातला एखादा आरपार गेला असेल, तर बाहेरून दिलेला करंट सरळ प्रोसेसरात शिरेल. ते ठीक असतील तरच पुढे.

पॉवर सप्लाय १ व्होल्टवर, करंटची मर्यादा ३ ॲम्पिअर. बोर्डावर आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, पातळ थर द्या. दिवा तिरका धरा. ओली चकाकी सगळीकडे सारखीच आहे. श्वास सावकाश चालू द्या. नजर हलवू नका.

एका तिळावरची चकाकी आकसते. तो कोरडा पडला. बाकीचे अजून ओलेच.

सप्लाय बंद. हॉट एअर द्या, चिमट्याने तो अलगद उचला. बोर्ड निवू द्या, मग पुन्हा प्रोब टेकवा. मीटर गप्प आहे. पडद्यावरचा आकडा हळूहळू चढतोय. उरलेले कपॅसिटर भरताहेत.