पाळण्यातलं वतन

जर्मनीत मूल जन्मलं की आठवड्याच्या आत त्याची नोंद करावी लागते. नाव ठरलं नसेल तर महिनाभराची सवलत मिळते, म्हणजे बाराव्या दिवसाचं बारसं त्यात बसतं. पुढचं तितकं सहज बसत नाही. बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यातलं मधलं नाव तिथल्या कुठल्या रकान्यात घालायचं? लग्नानंतर आईने आडनाव बदललं नसेल तर बाळाने कुणाचं लावायचं? आणि तीन आठवड्यांच्या जिवाने पासपोर्टच्या फोटोसाठी डोळे उघडे ठेवावेत कसे? झोपमोड झालेले आईबाप वैतागतात, पण यावर हसताही येतं.

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावर मात्र हसता येत नाही. समजा, बाळ श्टुटगार्टमध्ये जन्मलं आणि आईवडील दोघं भारतीय, नुकतेच नोकरीसाठी आलेले. जर्मनीच्या लेखी ते परदेशी. भारताच्या लेखी ते परदेशात जन्मलेलं, म्हणून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. मग भारतीय पासपोर्ट, मग जर्मनीचा निवासी परवाना. ज्या शहराबाहेर ते अजून एकदाही गेलेलं नाही, तिथे राहायची परवानगी!

27 जून 2024 पासून तिथला नियम सैल झाला. आई किंवा वडील पाच वर्षं कायदेशीरपणे राहत असतील आणि कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर बाळ जन्मतः जर्मन. आधी आठ वर्षं लागायची. आता एकाच वॉर्डातले दोन पाळणे डोळ्यांसमोर आणा. एकीच्या बापाची पाच वर्षं गेल्या महिन्यात भरली, दुसरीच्या बापाची पुढच्या महिन्यात भरतील. या दोन बाळांनी काय वेगळं केलं?

आयलेट शाखर या अभ्यासिकेने 2009 च्या पुस्तकात नागरिकत्वाची तुलना वारशाने येणाऱ्या मालमत्तेशी केली आहे. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयारच आहे: वतन. पाटलाचा मुलगा पाटील. ते अन्याय्य आहे हे पटवायला आपल्याला बराच वेळ लागला. महाराष्ट्रात पाटीलकी कायद्याने गेली ती 1962 मध्ये. आणि सगळी वतनं सुखाची नव्हतीच. महार वतन म्हणजे नावाला वतन, प्रत्यक्षात वेठ. त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक बाबासाहेबांनी 1928 मध्येच मांडलं होतं. पासपोर्टचंही तसंच आहे. काही दारं उघडतात, काही जन्मभर रांगेत उभं करतात. गावातली वतनं आपण मोडली, जगातली ही मात्र अजून निसर्गनियमासारखी वाटतात.

कुणी म्हणेल, काहीतरी नियम हवाच ना? बरोबर आहे. आईबापाकडून काहीच आलं नाही तर बाळ उघड्यावर पडेल. 1989 च्या बालहक्क करारात जन्मताच नोंद आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, आणि बहुतेक बाळांच्या बाबतीत तो वारसाच पुरा करतो. म्हणून वकिलातीतून पासपोर्ट आला की आईबाप सुटकेचा श्वास टाकतात, त्यात खोटं काही नाही. पण वारसा कुणाकडून, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. परदेशात जन्मलेल्या बाळाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळू लागलं ते 10 डिसेंबर 1992 पासून. त्याआधी फक्त बाप मोजला जायचा. पंधरवड्यापूर्वी जिने जन्म दिला, तिचा कागद चालत नव्हता!

सीरियात अजूनही मुख्यतः बापाकडूनच नागरिकत्व येतं. त्याच जर्मन कार्यालयात, आपल्या मराठी जोडप्याच्या मागे, एखादी सीरियन आई बाळ घेऊन उभी असू शकते. नवऱ्याचा पत्ता नाही, लग्नाचा कागद युद्धात गेला. बाळ तिच्या कुशीत आहे, त्याची आई कोण याबद्दल काउंटरवर कुणालाच शंका नाही. तरी अशा बाळाच्या कागदावर राष्ट्रीयत्वापुढे एक शब्द येऊ शकतो: 'उनगेक्लेर्ट'. म्हणजे, अजून ठरलेलं नाही.