मधल्या वर्षांचा आवाज

आज दुसरं कुठलंही काम हाताशी न ठेवता बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. हेडफोन असले तर चांगलं, नसले तर साधे स्पीकरही चालतील. आवाज मात्र एवढा ठेवा की गाण्यातली कुजबुज नीट कानी पडेल आणि ऑर्गनचा खर्ज छातीला जाणवेल.

लावायचा आहे तो 'रिअल टाइम' हा अल्बम. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडची ही मैफल आहे, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 6 मे 2005च्या संध्याकाळी झालेली. दोन सीडी, चौदा गाणी. सगळं एका बैठकीत ऐकून संपवायची घाई नाही. आपण त्यातल्या काही जागांवर थांबणार आहोत, आणि थांबलो की जरा जास्तच वेळ थांबणार आहोत.

आधी टाळ्या ऐका. लाइव्ह अल्बममधल्या टाळ्या आपण एरवी पुढे ढकलतो, गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघतो. आज त्यांच्यातच राहा. अजून एकही सूर वाजलेला नाही, मग ही दाद कशाची आहे? पीटर हॅमिल, ह्यू बँटन, गाय इव्हान्स आणि डेव्हिड जॅक्सन हे चौघं एका मंचावर उभे आहेत, एवढीच गोष्ट घडली आहे. 1967 साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेला हा बँड 1972 साली फुटला, 1975 साली पुन्हा जमला, आणि 1976च्या अखेरीच्या सुमारास बँटन आणि जॅक्सन बाहेर पडले. चौघांचा असा पूर्ण कार्यक्रम त्यानंतर आत्ता होतो आहे. मध्ये 28 वर्षं गेली.

28 वर्षं हा आकडा वाचायला सोपा आहे. तो क्षणभर स्वतःच्या आयुष्यावर ठेवून बघा. 28 वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांच्याबरोबर रोज काही करत होता, अशी तीन माणसं आठवा. त्यांचे चेहरे येऊ द्या. कुणाशी भांडण झालं होतं, कुणाशी काहीच न होता अंतर पडलं. त्यांच्याबद्दल आत्ता काही ठरवायचं नाही. श्वास सावकाश सोडा आणि पहिलं गाणं सुरू होऊ द्या.

'द अंडरकव्हर मॅन' जवळजवळ कानात बोलल्यासारखं सुरू होतं. इतक्या वर्षांनी परतलेला बँड पहिल्याच मिनिटाला सगळी ताकद दाखवेल अशी आपली अपेक्षा असते. इथे तसं होत नाही. आवाज हळू आहे, वाद्यं एकेक करून येतात, गाणं पायरी पायरीने चढतं. या निवडीमागे एक जुनी गोष्ट आहे. 1975 साली हेच चौघं फुटीनंतर पहिल्यांदा जमले, तेव्हा केलेल्या 'गॉडब्लफ' या अल्बमची सुरुवात याच गाण्याने होते. पहिल्या पुनरागमनाचं दार ज्या गाण्याने उघडलं, त्यानेच दुसऱ्याचंही उघडलं. ते ठरवून केलं असेल वा नसेल, मला ही निवड फार मोलाची वाटते. तुटलेलं पुन्हा जोडायची त्यांना आधीपासून सवय होती, असं हे गाणं नुसत्या जागेनं सांगतं.

आता हॅमिलच्या गळ्याकडे या. बाकी सगळं मागे राहू द्या.

हा माणूस त्या संध्याकाळी 56 वर्षांचा आहे. डिसेंबर 2003मध्ये, एक अल्बम पुरा केल्यानंतर दोन दिवसांच्या आत, त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो वाचला, आणि फेब्रुवारी 2004मध्ये डेव्हन परगण्यातल्या पायवर्दी या गावी चौघं एकत्र आले आणि वाजवायला बसले. तिथून 'प्रेझेंट' हा दोन सीडींचा अल्बम निघाला, त्यातली एक अख्खी सीडी नुसत्या उत्स्फूर्त वादनाची. तो 2005च्या वसंतात बाजारात आला आणि लगेच ही मैफल झाली.

हे माहीत असताना त्याचा श्वास ऐका. ओळ संपते तिथे तो कसा घेतला जातो, वरच्या सुरावर जाताना किती पणाला लागतो. तरुणपणी हॅमिल किंचाळायचा, आणि ती किंकाळी अजून आहे. मात्र आता तिच्या आधी एक तयारी ऐकू येते. काही ठिकाणी सूर खरखरतो, काही ठिकाणी तो सुराला खालून जाऊन भिडतो. या जागा दुरुस्त केलेल्या नाहीत याचं मला बरं वाटतं. गोड गळा हवा असेल तर हा अल्बम त्यासाठी नाही. पण एखादी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणून सांगणारा माणूस ऐकायचा असेल, तर इतकं जवळून ऐकायला क्वचित मिळतं.

तिसरं गाणं 'रेफ्युजीज'. मूळ गाणं 1970 साली निघालेलं. बरोबर राहणाऱ्या मित्रांपासून झालेली ताटातूट आणि पश्चिमेकडे, कुठेतरी शांत जागी निघून जाण्याची ओढ हा त्याचा विषय. विशीतल्या मुलाने ते लिहिलं तेव्हा सगळा प्रवास पुढे होता. 2005 साली गाणाऱ्याचा बराच प्रवास मागे आहे, आणि ज्यांच्यापासून पुढे ताटातूट झाली त्यांतले तिघं त्याच्या बाजूला वाजवत आहेत. या गाण्यापाशी काही करू नका. डोळे मिटा आणि ते संपू द्या.

थोडं थांबून मग आता बँटनकडे वळू.

या बँडमध्ये बास गिटार वाजवणारा वेगळा माणूस नाही. जो खालचा सूर तुम्हाला छातीत जाणवतोय तो ह्यू बँटनच्या पायांतून येतो आहे. ऑर्गनखाली पायपट्ट्या असतात, तिथे पाय बासची चाल चालवतात आणि वर दोन हात आपापलं वेगळं बोलतात. एका गाण्यापुरतं असं करा: वरचे सूर सोडून द्या आणि फक्त ते पाय ऐका. 'लेमिंग्ज' त्यासाठी उत्तम. दहा मिनिटांहून मोठं, अवघड वळणांचं गाणं आहे, आणि त्या वळणांवर पाय किती ठाम पडतात ते कळतं. सत्तरच्या दशकातही बँटन आपल्या ऑर्गनमध्ये स्वतः फेरफार करायचा. बँड सुटल्यावर त्याने ऑर्गन बनवण्याचाच व्यवसाय केला, आणि 2002 साली स्वतः बनवलेल्या ऑर्गनवर बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ध्वनिमुद्रित केल्या. मधल्या वर्षांत त्याचे हात लाकूड, तारा आणि बाख यांत गुंतलेले होते. ते सगळं या पायांच्या चालीत उतरलं आहे असं मला वाटतं. चालीत कुठेही फुशारकी नाही.

जॅक्सन त्या काळात वेगळ्याच वाटेने गेला. तो अपंग मुलांबरोबर आणि मोठ्यांबरोबर संगीताचं काम करत होता. 'साउंडबीम' नावाचं एक यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या, कानांना न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींच्या झोतात हात, मान किंवा नुसतं बोट हलवलं तरी त्या हालचालीचा सूर होतो. वाद्य हातात धरता येत नाही अशा मुलालाही वाजवता येतं. या कामात वर्षानुवर्षं घालवलेला माणूस सॅक्सोफोनकडे परततो तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, याचा विचार करत 'किलर'पर्यंत या. समुद्राच्या तळाशी एकटा राहणाऱ्या, जवळ येईल त्याला मारणाऱ्या आणि तरीही सोबतीसाठी तळमळणाऱ्या एका प्रचंड माशाचं ते गाणं आहे. तिथे जॅक्सनची ती ख्यातीची गोष्ट ऐका: एकाच वेळी दोन सॅक्सोफोन तोंडात धरून वाजवायची. एका फुंकरीत दोन सूर, थोडे एकमेकांशी भांडणारे. ऐकताना हसू येतं, ते येऊ द्या. ध्यान लावून ऐकायचं म्हणजे चेहरा गंभीरच ठेवायला हवा, असं कुठे आहे!

आणि इव्हान्स. 'इको सिटी' या गटाबरोबर त्याने मुलांसाठी अशी क्रीडांगणं उभारली, जिथली खेळणीच वाद्यं असतात. त्याच्या ड्रममध्ये तो खेळ अजून आहे. तो ठेका बांधून देत नाही, गाण्याशी गप्पा मारतो.

मला या अल्बमबद्दल जे म्हणायचं आहे ते या चौघांच्या मधल्या वर्षांबद्दल आहे. पुन्हा जमलेले बँड ऐकताना लोक जुन्या ध्वनिमुद्रणाशी ताळा करत बसतात: तेव्हा कसं होतं, आता किती उरलं. तसं ऐकलं की 28 वर्षं म्हणजे नुसती घट वाटते. पण वेगळं राहून चौघांनी जे केलं, ते ऑर्गन, ती मुलं, हॅमिलने एकट्याने काढलेले कितीतरी अल्बम, तो झटका, सगळंच त्या संध्याकाळी मंचावर हजर होतं. बँड फुटलाच नसता तर हा आवाज तयार झाला नसता. मैत्रीत पडलेल्या खंडाचाही साठा होतो, आणि तो वापरता येतो. तुम्हाला मघाशी आठवलेली तीन माणसं अजून मनात असतील तर त्यांच्याबद्दल एवढंच बघा: तुमच्यावाचून त्यांनी काय काय शिकून घेतलं असेल?

'एव्हरी ब्लडी एम्परर' हे 'प्रेझेंट'मधलं नवं गाणं मध्येच येतं, आणि मैफल एकदम त्या तारखेवर आणून ठेवतं. आदल्या दिवशी, 5 मेला, ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली होती. इराकच्या युद्धाला दोन वर्षं उलटली होती आणि टोनी ब्लेअर तिसऱ्यांदा निवडून आले होते. राज्यकर्त्यांच्या फसवणुकीवरचं, आणि ती चालवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांवरचं हे गाणं मतदानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनमध्ये, थेम्सच्या काठी गायलं गेलं. जुन्या गाण्यांच्या ओढीने जमलेल्या सभागृहाला त्याने आजच्या दिवसात ओढून आणलं. नुसत्या आठवणींवर जमलेली मैफल असती तर या गाण्याला तिथे जागा मिळाली नसती.

आता शेवटचा मोठा मुक्काम, 'मॅन-अर्ग'. 1971च्या 'पॉन हार्ट्स'मधलं. हा अल्बम इंग्लंडपेक्षा इटलीत जास्त गाजला, तिथे तो पहिल्या क्रमांकावर गेला. गाणं शांत सुरू होतं, चर्चमधल्या प्रार्थनेच्या वळणाचं. एक माणूस सांगतो आहे की त्याच्या आत मारेकरी राहतो, आणि देवदूतही राहतात. मग मधला भाग फुटतो. तिथे ठेका अकरा मात्रांचा आहे. मांडीवर बोटांनी मोजून बघा. ताल मोजायची सवय असेल तरी पहिल्या दोन आवर्तनांत हात चुकतो, कारण सम जिथे यावीशी वाटते त्याच्या जरा अलीकडे येऊन पडते. मोजदाद सुटली तर सुटू द्या. गाण्यातला माणूसही तिथे स्वतःला सापडत नाहीये. थोड्या वेळाने पहिली सुरावट परत येते, आणि कानांना केवढा थारा मिळतो!

हॅमिलने हे बाविसाव्या वर्षी गायलं तेव्हा त्यात शोध लागल्याचा थरकाप होता: माझ्या आत हे कोण आहे? 56व्या वर्षी तोच मजकूर, तीच सुरावट. पण आता तो आपल्या घरात राहणाऱ्या माणसांची ओळख करून देतो आहे, त्यांच्या खोड्यांसकट. भीती गेलेली नाही, तिची सवय झाली आहे. तुमच्या आत कोण राहतं याची यादी करू नका. गाणं चालू असेपर्यंत त्यांना बसायला जागा द्या, एवढं पुरे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण आधी कळली असती तर सगळं ऐकणं तिच्याच छायेत झालं असतं. हा अल्बम 2007 साली निघाला. तोवर जॅक्सन बँडमधून बाहेर पडला होता. 28 वर्षांनी जमलेले चौघं 2005चं ते एक वर्ष वाजवून पुन्हा चौघं राहिले नाहीत. ज्यांनी सीडी विकत घेतली त्यांच्या हातात, जो बँड आता नाही त्याची मैफल आली. उरलेल्या तिघांनी सॅक्सोफोनसाठी दुसरा माणूस घेतला नाही. तिघंच पुढे गेले आणि 2008 साली 'ट्रायसेक्टर' काढला. जॅक्सनची जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि त्या रिकाम्या जागेभोवती नवी गाणी रचली. मला यात मोठी समज दिसते.

'ट्रायसेक्टर' पुढे कधीतरी ऐका, आज नको. आज थोडं पाणी प्या, पाय मोकळे करा, आणि दुसऱ्या सीडीवरचं 'किलर' पुन्हा लावा. या वेळी इतर तिघांना सोडून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत फक्त जॅक्सनच्या मागे जा.