जिव्हाळा, दीड तासापुरता

मंद पिवळे दिवे, मोजकी टेबलं आणि ‘आपल्या माणसासोबत निवांत या’ असं आमंत्रण. टेबल मात्र दीड तासापुरतं. त्यातून दोघे पुरुष मित्र शनिवारी रात्री गेले, तर काही ठिकाणी ‘फक्त कपल्स’ म्हणून दारातूनच परत. उजेड कमी केला की जिव्हाळा वाढतो, असा या धंद्याचा हिशेब दिसतो. खरं तर मित्रासोबत बाहेर खायला दोनच गोष्टी लागतात: न अडवणारं दार आणि न उठवणारा मालक.

दाराचा इतिहास आपल्याला पाठ आहे, निदान तसं वाटतं. १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमधला चहा, त्यावरून टिळक-रानड्यांपर्यंत पोचलेलं ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचा वाद, प्रायश्चित्तं. मग खाणावळी, उडपी, इराणी. या ओघात कोल्हापूरचा एक चहा मात्र आपण चुकीचा वाचतो.

पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावलं. स्वतः तिथे थांबून चहा घेतला, सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजला. ही गोष्ट राजाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. मोठेपणा होताच, पण महाराजांनी कांबळ्यांना वाड्यावर पंगतीला बसवलं असतं, तर ते सहभोजन झालं असतं. सहभोजनात कोणीतरी कोणाला तरी सामावून घेतो, आणि सामावून घेणाऱ्याचा हात वरच राहतो. इथे गल्ल्यावर कांबळे होते आणि राजा गिऱ्हाईक होता. चहाचे पैसे चुकते झाले की कोणाचे उपकार उरत नाहीत. घरी बोलावलेल्या मित्राला घराची जात, सोवळं, वडीलधाऱ्यांची नजर सांभाळावी लागते. हॉटेलच्या टेबलावर दोघांपैकी कोणीच यजमान नसतो, म्हणून दोघे बरोबरीने बसतात. जिव्हाळ्याची सुरुवात तिथे आहे. १९५० च्या राज्यघटनेने कलम १५ मध्ये उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख केला, तो उगीच नाही.

वेळेची गोष्ट वेगळी. ती कोणत्याही कायद्याने दिली नाही. इराणीही काही संत नव्हता. त्याच्या मनाईच्या पाट्यांवर तर निसिम इझिकेलांनी कविता केली. तरी एका चहावर माणसं बसत. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसले, आणि खिडकीबाहेरचा तो चौक कवितेत आला.

जागेचं भाडं परवडत नाही, हे मालकाचं म्हणणं खरं आहे. मग दीड तासाचे पैसे उघडपणे लावा, आम्ही देऊ किंवा देणार नाही. पण कोणासोबत यायचं हे दारात ठरवायचं, कधी उठायचं हे घड्याळावर ठरवायचं आणि उरलेल्याला जिव्हाळा म्हणायचं, हा सौदा लबाडीचा आहे. त्यापेक्षा ट्यूबलाइटखालचा, पाण्याचा ग्लास आपटून ठेवणारा उडपी परवडला. तो निदान सोबत कोण आहे ते विचारत नाही.