झिलकऱ्यांचे अनामिकत्व

तमाशाचा फड परंपरेने नायकाच्या नावाने ओळखला जातो. तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे तरुणपणी आपले नातलग बापू साठे यांच्या अशाच फडात वावरले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी जे पथक उभारले त्याला मात्र कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. ते ‘लाल बावटा कलापथक’ होते. व्यक्तिनामाचा हा त्याग केवळ सोयीचा नव्हता, त्यामागे कलेविषयीची एक नैतिक भूमिका होती, असे मानता येईल.

पुढे समीक्षेने अण्णा भाऊंचे पोवाडे व लोकनाट्ये प्रामुख्याने संहिता म्हणून वाचली. झिलकरी, ढोलकीवाले, तुणतुणेवाले यांची दखल क्वचितच घेतली गेली. अनामिकत्व त्यांनीच पत्करले असेल तर त्यात अन्याय कसला, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु सर्वांनी मिळून स्वीकारलेले अनामिकत्व आणि मोजकी नावे कोरली गेल्यावर इतरांच्या वाट्याला उरलेले अनामिकत्व ही एकच गोष्ट नव्हे. पोवाड्याची ओळ झिलकऱ्यांच्या ‘जी जी’वाचून पुरी होत नाही. तिचा अर्थ एकट्या शाहिराच्या खाती मांडणारे वाचन म्हणूनच सौंदर्यदृष्ट्या अपुरे आणि नैतिकदृष्ट्या ऋणाईत राहते.