गोठवलेली तंगडी आणि आपला संशय



आखाती देशात राहणाऱ्या एका कोकणी कुटुंबातील भगिनीने आम्हाला एक प्रश्न लिहून पाठविला आहे. घराजवळच्या सवलतीच्या दुकानात तिला ब्राझीलहून आलेल्या गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्यांचे पाकीट नेहमीपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळाले. त्यावर हलालची मोहोर होती. असे पाकीट तिने प्रथमच आणून पाहिले. तंगड्यांचे सुके केले, तांदळाच्या भाकरी केल्या आणि नणंदेच्या घरच्यांना जेवायला बोलावले. नणंदेने पहिलाच घास मोडला, तो हाडालगत काळपट तांबडा रंग दिसला. तिने ताट बाजूला सारले आणि "इतक्या स्वस्तात हलाल कुठे मिळते?" असे सर्वांदेखत म्हणाली. तेव्हापासून दोन्ही घरांचे जाणे-येणे थांबले आहे. भगिनीने एवढेच विचारले आहे की, ती कोंबडी हलाल होती की नव्हती?

प्रश्न लहान दिसतो. पण दोन घरांमध्ये आज जी भिंत उभी आहे, ती केवळ कोंबडीने उभी केलेली नाही.

प्रथम त्या तांबड्या रंगाचे पाहू. पोल्ट्रीतील कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. इतक्या कोवळ्या पक्ष्याचे हाड पुरते टणक झालेले नसते, ते सच्छिद्र असते. मांस गोठले की हाडातील मज्जेच्या पेशी फुटतात आणि वितळताना त्यांचा रंग झिरपून बाहेरच्या मांसात उतरतो. शिजल्यावर तोच काळपट दिसतो. म्हणजे हा रंग गोठवण्याचा परिणाम आहे. कापताना रक्त निघाले नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि क्षणभर मानले की ते रक्तच होते, तरी दिव्य कुरआनने सूरह अल-अनआमच्या १४५ व्या आयतीत जे रक्त हराम ठरविले आहे ते वाहणारे रक्त होय. जबीहानंतर मांसात किंवा बारीक शिरांत जे राहते, ते आपल्या फुकहांनी माफ मानले आहे. आमच्या आयाबहिणी शतकानुशतके बाजारातून ताजी कोंबडी आणून शिजवीत आल्या. तिच्यातही तेवढा अंश असेच.

आता मूळ मुद्दा. मांसाच्या बाबतीत शरीअत अधिक सावध आहे, हे खरे. भाजी-धान्याविषयी मूळ हुकूम वैधतेचा आहे. मांस मात्र योग्य रीतीने जबह झाल्याशिवाय वैध होत नाही. म्हणून ज्या देशात बहुसंख्य लोक मुस्लिम नाहीत, तेथून आलेल्या मांसाची चौकशी करणे हा वहम नव्हे. ब्राझील हा आज जगातील सर्वांत मोठा कोंबडी-निर्यातदार देश आहे आणि आखाती देश अशा मालाबरोबर हलालचा दाखला असल्याखेरीज तो आत येऊ देत नाहीत. ग्राहकाने त्या दाखल्यावर विसंबणे शरीअतला धरून आहे. प्रत्येक घरातील बाईने सांता कातारिनाच्या कत्तलखान्यात जाऊन सुरी पाहावी, असे कोणत्याही इमामाने सांगितलेले नाही.

यंत्राने कापलेल्या कोंबडीविषयी उलमांमध्ये जो मतभेद आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. हनफी मतानुसार जबह करणाऱ्याने जाणूनबुजून अल्लाहचे नाव सोडले, तर ते मांस हलाल राहत नाही. विसरला, तर माफ आहे. म्हणून फिरत्या पात्याने हजारो पक्षी कापले जात असताना एकदाच घेतलेले नाव सर्वांना पुरते काय, हा प्रश्न तेथे फार गंभीर होतो. मौलाना मुफ्ती तकी उस्मानी यांनी या पद्धतीला विरोध केला आहे आणि पात्याच्या जागी माणसे उभी करावीत, असे सुचविले आहे. शाफई मतात मात्र नाव घेणे सुन्नत आहे. मुस्लिमाकडून ते राहून गेले तरी मांस हलालच असते. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, तर देशावरचे बहुतेक हनफी. एकाच इमारतीत, कधी एकाच घरात सोयरिकीमुळे, हे दोन्ही मजहब नांदतात. ज्याला हनफी मतानुसार मन खात असेल, त्याने हाताने जबह केल्याची नोंद असलेले पाकीट पाहून घ्यावे. काही कंपन्या ती छापतात. पण नणंदेने हा प्रश्न उपस्थित केलाच नव्हता. ती किमतीविषयी बोलली.

येथे वाचकांनी थोडे थांबावे, ही विनंती. आपला संशय नेमका कोठून येतो? तंगडी स्वस्त असण्याची कारणे अगदी साधी आहेत. पाश्चात्त्य बाजारात छातीच्या मांसाला मागणी अधिक, त्यामुळे पायांचा भाव उतरतो. गोठवलेला माल जहाजाने एकदम मोठ्या प्रमाणात येतो. सवलतीचे दुकान सजावटीवर खर्च करीत नाही आणि मुदत जवळ आली की माल आणखी उतरत्या दराने विकून टाकते. यांपैकी एकाही कारणाचा सुरीशी संबंध नाही. तीच कोंबडी, त्याच कारखान्यातली, एखाद्या मॉलमधील महागड्या हॉटेलात मसाला लावून, चांदीचा वर्ख चढवून समोर आली, तर आपण वेटरला दाखला विचारतो काय? फार थोडे विचारतात. जो संशय फक्त गरिबाच्या ताटावर जाऊन बसतो आणि श्रीमंताच्या ताटावरून उडून जातो, त्याला तक्वा म्हणायला आमची जीभ धजावत नाही. तो पैशाचा अभिमान आहे. त्याने धर्माचे कपडे घातले आहेत, एवढेच.

दाखले देणारी माणसेच असतात आणि माणसे चुकतात, विकलीही जातात, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. मार्च २०१७ मध्ये ब्राझीलच्या संघीय पोलिसांनी मांस-तपासनिसांच्या लाचखोरीवर मोठी कारवाई केली आणि अनेक देशांनी काही काळ तेथील मांसावर निर्बंध घातले. ते प्रकरण स्वच्छतेच्या तपासणीचे होते, पण धडा दाखल्यांनाही लागू पडतो. अशी ठोस बातमी असेल, तेव्हा त्या कंपनीचा माल घेऊ नये. बातमी नसताना केवळ "असेल काहीतरी" म्हणणे म्हणजे सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीने ज्या अतिरिक्त गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे, त्याच वाटेला जाणे.

संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याविषयी हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची सुप्रसिद्ध हदीस आपण सारे ऐकत आलो आहोत. अशा गोष्टींपासून जो वाचला, त्याने आपला दीन आणि आपली अब्रू राखली, असा तिचा आशय आहे. येथे 'आपली' या शब्दाकडे लक्ष द्यावे. ही हदीस स्वतःवर लावायची आहे. तिच्या आधारे भावजयीची अब्रू भरल्या घरात उतरविण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. दुसरीकडे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली बुखारीतील रिवायत पाहा. नुकतेच इस्लाममध्ये आलेले लोक मांस आणीत आणि त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही, हे समजत नसे. त्यावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी खाणाऱ्यांना स्वतः नाव घेऊन खायला सांगितले. आणणाऱ्यांची उलटतपासणी करायला सांगितली नाही.

आमच्या समजुतीनुसार चौकशीची जागा दुकान आहे, दस्तरखान नव्हे. विकत घेणाऱ्याने दाखला देणाऱ्या संस्थेचे नाव वाचावे, मुदत पाहावी, पुढच्या खेपेला शंका असेल तर जाणत्याला विचारावे. पाहुण्याने मुस्लिम यजमानाचे अन्न चांगल्या गुमानाने घ्यावे; मन मानत नसेल, तर भाकरी आणि डाळीवर हात मारून गप्प राहावे.

खरेदीदार भगिनीलाही एक सांगायचे आहे, कारण कुरआनने हलालबरोबर तय्यिब हा शब्द जोडला आहे. धुताना आणि थंड करताना मांस पाणी पिते. काही कारखाने मिठाचे पाणी सुईने भरतातही. पाकिटावर तसे लिहिले आहे का, हे वाचावे. एकदा वितळल्यानंतर निथळलेल्या तंगड्या वजन करून पाहाव्यात. न सांगता पाण्याचे पैसे घेतले जात असतील, तर तो सूरह अल-मुतफ्फिफीनचा विषय आहे आणि त्याविषयी दुकानदाराकडे तक्रार करणे योग्य ठरेल. वितळविण्यासाठी पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, ओट्यावर उघडे नको. वितळलेले कच्चे मांस पुन्हा गोठवू नये.

तेव्हा भगिनीने निश्चिंत असावे, जे आपण वाढले ते खाण्याजोगे होते. पाकिटात उरलेल्या तंगड्या टाकू नयेत, मुलांना करून घालाव्यात. नणंदेला मात्र आपणच प्रथम फोन करावा, वयाने ती मोठी आहे. आणि या खेपेला सुरमई करावी. मासळीला जबीहाची अट कोणत्याच मजहबात नाही.