झीज आणि झळाळी

दिवाळी जवळ आली की आमच्या विष्णुपुरीतल्या अंगणांतून चिंचेचा आंबट वास दरवळू लागतो. माळ्यावरचे तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी खाली उतरतात आणि चिंचेचा हात फिरताच काळवंडलेल्या भांड्याला सोन्याची कळा येते. लहानपणी मला वाटे, चिंचेत काही रंग असावा आणि तो भांड्यावर चढत असावा. आई म्हणाली, "चढत काही नाही बाबा, निघायलंय."

आईचे ते वाक्य परवा पुन्हा आठवले. माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीसाठी गावी आला होता. तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. औषधांच्या कारखान्यात लागणारा स्टेनलेस स्टीलच्या नळीचा एक वाकडा तुकडा त्याने माझ्या हातात ठेवला. आरशासारखा लख्ख! मी विचारले, "कसला मुलामा रे हा?"

"मुलामा नाही, सर. मुलाम्याच्या उलट आहे हे."

मग त्याने समजावून सांगितले. मुलामा देताना वस्तू विजेच्या ऋण टोकाला टांगतात आणि तिच्यावर दुसरा धातू चढतो. इथे वस्तू धन टोकाला टांगतात. फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या गरम मिश्रणात ती बुडवून काही मिनिटे वीज सोडली की तिचाच केसाहून पातळ थर विरघळून जातो. उंचवटे लवकर झिजतात, खोलगट भाग सावकाश. म्हणून पृष्ठभाग सपाट होतो. शिवाय लोखंड अधिक निघून जाते, वर क्रोमियमचे प्रमाण वाढते, आणि गंजाला अडवणारा त्याचा अदृश्य पापुद्रा अधिक पक्का होतो. फ्रान्समधल्या झाके नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० साली या रीतीचे पेटंट घेतले होते.

"नुसते घासून चमक येत नाही का?"

"येते ना. पण घासताना उंचवटे खड्ड्यांवर दाबले जातात आणि मळ त्यांच्याखाली गाडला जातो. डोळ्यांना चमक दिसते, जंतूंना मात्र बिळे मिळतात. विजेने केलेले काम काही लपवत नाही. आत दोष दडलेला असेल, तर तो उघडा पडतो."

मास्तरकीचा धंदा असा की कुठेही गेलो तरी वर्ग सुटत नाही. मला वाटले, आपलेही हेच काम! मुलांवर काही चढवायचे नाही, नको ते काढायचे. मी खूश होऊन विचारले, "आणि जास्त वेळ बुडवून ठेवले तर?"

"तर कडा बोथट होतात, माप जाते. तुकडा चकाकतो खरा, पण ज्या नळीला बसवायचा तिला बसत नाही."

त्याने हे अगदी सहज सांगितले. पण त्याची मराठी किती स्वच्छ झाली आहे, हे मला तेव्हाच जाणवले. सातवीत असताना हाच मुलगा "मी जेवायलो" म्हणाला, तेव्हा मी त्याला बाकावर उभे केले होते. सारा वर्ग हसला होता. "मी जेवतो आहे," असे त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले होते. पुढे तो चुकला नाही, आणि मी त्याला माझे यश समजत आलो.

तो गेल्यावर त्याची आई फराळाचे ताट घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "सर, पोरगं लई शिकलं. पण घरी आलं की पाहुण्यावानी बोलतंय."

तिची तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

मळ कोणता आणि धातू कोणता, हे ठरवायचे कसे? कारागिराला ते कळते, कारण हा तुकडा शेवटी कुठे बसायचा आहे ते त्याला ठाऊक असते. मी फक्त चकाकीकडे पाहत होतो. परीक्षेच्या वहीत प्रमाण भाषा हवीच. ती शिकवणे माझे कामच आहे. पण त्यासाठी माझ्या आईची भाषा मी मळ समजून काढत होतो. 'निघायलंय' या तिच्या एका शब्दाने मला जे शिकवले, ते कोणत्या व्याकरणात बसवू?

सुट्टीनंतर शाळा उघडेल. कुणीतरी उठून म्हणेल, "सर, मी लिहायलो." वहीत मी दुरुस्ती करीन. बाकावर मात्र कुणाला उभे करणार नाही.