मंग ह्ये नांगरतंय किती?

आमच्या मुखेड भागात सहाबैली नांगर चालायचा, त्या काळातला मी माणूस. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन एका जोडीला दाद देत नसे, म्हणून तीन जोड्या एकामागं एक जुंपायच्या. त्यात एखादा बैल लबाड निघायचा. मान जुवात, पण ओढ बाकीच्यांची. मागचा गडी ते बरोबर हेरायचा आणि चाबूक त्याच्याच पाठीवर उतरायचा. पुढं मी ट्रॅक्टरचा मिस्त्री झालो आणि एकादशीला देवळात कीर्तनाला उभा राहू लागलो. जुंपण्याचा विचार काही डोक्यातून गेला नाही.

गॅरेजातली पोरं दुपारी मोबाईलवर अमेरिकेतल्या, जर्मनी-हॉलंडातल्या ट्रॅक्टर-ओढीच्या स्पर्धा बघतात. तिथं ट्रॅक्टरच्या मागं एक घसरगाडी अडकवतात. तिच्यावरची वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. गाडी पुढं सरकते तशी पेटी साखळीनं पुढं येते आणि जमिनीला घासणाऱ्या पत्र्यावर दाब वाढत जातो. म्हणजे जितकं ओढाल तितकं जड होत जाणार. युरोपात शंभर मीटर पार केले की पूर्ण ओढ झाली म्हणायचं. तेवढ्यासाठी एकेका हेडवर, म्हणजे ट्रॅक्टरवर, तीन-तीन, चार-चार इंजिनं बसवतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोतल्या कार्ल आणि पॉल बॉसी या भावांनी अनेक इंजिनांची ताकद गिअरच्या पेटीतून एकाच शाफ्टवर आणायची युक्ती काढली. त्या पेटीला क्रॉसबॉक्स म्हणतात. मग लोक दुसऱ्या महायुद्धातली ॲलिसनची बारा सिलिंडरची विमान-इंजिनं बसवू लागले, कुणी हेलिकॉप्टरची टर्बाइनं. वजनाची मर्यादा मात्र गटागटाला ठरलेली, त्यामुळं इंजिन वाढवलं की दुसरीकडं लोखंड कमी करावं लागतं. जर्मनीतल्या ‘ड्रॅगन फायर’वर तर रशियन क्षेपणास्त्र-नौकांचं बेचाळीस सिलिंडरचं एकच इंजिन आहे. सात रांगा, प्रत्येकीत सहा. मूळचीच ताकद ४००० अश्वशक्तीच्या आसपास. आमच्याकडं पंचेचाळीसच्या हेडनं माणूस खरीप-रब्बी दोन्ही काढतो.

क्लच प्लेट बदलायला आलेले एक म्हातारे शेतकरी ते बघत होते. त्यांनी विचारलं, “मंग ह्ये नांगरतंय किती?” पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी देवाला विचारलेला आहे. ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही, त्यानं हा एवढा पसारा कशासाठी मांडला? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं उत्तर आहे: लीला. हेतू काही नाही, नुसता खेळ. आमच्या माऊलींनी अमृतानुभवात तेच चिद्विलास म्हणून आणखी गोड केलं. ज्याच्याकडं भरून उरलंय तोच उधळतो. या हिशोबानं शंभर मीटर चिखल उडवणारं ते यंत्र म्हाताऱ्यांच्या नजरेला वाटलं तितकं वाया गेलेलं नाही. काही नांगरलं नाही, हा त्याचा दोष मी मानत नाही. मृदंगही काही नांगरत नाही.

पण त्याच ब्रह्मसूत्रांत लीलेच्या सूत्राला लागूनच दुसरं सूत्र उभं आहे, आणि ते कीर्तनात सहसा कुणी काढत नाही. तुझा खेळ असेल, तर त्यात कुणी राजा आणि कुणी उपाशी का? मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? सूत्रकार सांगतात, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणं मिळतं. कीर्तनकारानं एवढ्यावर पुंडलिक वरदा म्हणून पुढं जायचं असतं. माझं मन तिथं अडतं. लबाड बैलाच्या पाठीवरचा वळ त्याच्या मागच्या जन्मानं उठला असं मला म्हणवत नाही. तो चाबकानं उठला.

न्यायालयालाही बैलाचा प्रश्न एका झटक्यात सुटला नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. शंकरपटाचे शौकीन माझ्याकडं येतात, लालकंधारीच्या जोडीचं कौतुक सांगतात. त्यांचं प्रेम खोटं नाही. जनावर ते पोरासारखं सांभाळतात. तरी खेळ मालकाचा आणि दम बैलाचा, आणि बैलाला कुणी विचारलेलं नसतं. पैठणच्या रेड्याची गोष्ट आपण वेद बोलवण्यासाठी सांगतो. तिच्यात रेड्याला मारलेले आसूड माऊलींच्या पाठीवर उमटल्याचंही सांगतात. मला त्या गोष्टीतलं वेदांपेक्षा तेच मोठं वाटतं.

म्हणून चार इंजिनं एका शाफ्टला जुंपलेली बघून मला बरं वाटतं. खंडेनवमीला आम्ही पान्यांना आणि हेडला हळदकुंकू लावतो, पण पिस्टनला वळ उठत नाही. तरी यंत्राचा खेळ म्हणजे निर्दोष खेळ, असंही नाही. २०२३ मध्ये पंजाबात ट्रॅक्टरच्या कसरतीत एक तरुण दगावला आणि सरकारनं त्या कसरतींवर बंदी घातली. आणि दुखापत काय फक्त मैदानातच होते? आमच्याकडचं हेड बहुतेक बँकेचं असतं. हप्ता थकलेल्या हेडवर बसून मिशीला पीळ देत ओढ लावायची, त्याला मी लीला म्हणणार नाही. तिथं भरून उरलेलं काहीच नसतं, आणि भार घरातल्या बाईच्या गळ्यातल्या डोरल्यावर जातो.

माझ्या भाच्याला आता दोन जुनी डिझेल इंजिनं एका शाफ्टवर आणायचा नाद लागलाय. “मामा, करू का?” म्हणून विचारायला आला. मी सांगितलं, भंगारातली घे, रोख घे, आईचं मणी-मंगळसूत्र मोडायचं नाही, आणि चालू करताना समोर लेकरं उभी ठेवायची नाहीत. एवढं पाळणार असशील तर काय नांगरलंस ते मी विचारणार नाही. तो लगेच कबूल झाला. दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे कसे राखायचे, हे मात्र त्याला अजून जमलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. एक जरा मागं पडलं की दुसरं त्यालाच ओढत बसतं.